गोंद वाळेपर्यंत

ही गोष्ट खरी आहे.

मला सगळे थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. पण या गोष्टीत पदरचं तिखटमीठ काही नाही.

आणि रात्रीची वाट बघू नका. वेळ भर दुपारची. जागा, माझ्या थोरल्या भावाच्या घराखालची दुरुस्तीची खोली.

दादा स्पीकर दुरुस्त करायचा. गोंद मात्र वहिनी लावायची. तिच्यासारखी गोंदाची रेघ कोणाच्या बापाला जमली नाही. रेघ संपली की शेवटी अंगठा दाबायची. ती तिची सहीच.

वहिनीचं तोंड म्हणजे उघडा नळ. पण गोंद ओला असेपर्यंत... चिडीचूप. बोलण्याने स्पीकरचा कागदी कोन थरथरतो आणि आतली कॉइल वाकडी बसते, असं तिचं म्हणणं. शास्त्र की वेड, देव जाणे. गोंद लावला की मधल्या टोपीवर वजनाला एक वाटी पालथी ठेवायची आणि ओठांवर बोट. गिऱ्हाईक असो की जावई, सगळे मुके. वाळला की वाटी उचलून टेबलावर टक् करून आपटायची, आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू.

“बायकोला गप्प बसवायचं औषध डबीत मिळतं,” दादा म्हणायचा.

शेवटच्या दिवशीही तसंच झालं. घरच्याच स्पीकरला गोंद लावता लावता ती म्हणाली, “अहो, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. ते...”

तेवढ्यात रेघ संपली. अंगठा दाबला. वाटी पालथी. ओठांवर बोट.

दादा समोर बसून राहिला. वाक्याची वाट बघत.

ती खुर्चीतच गेली.

मग रडारड झाली. कोणीतरी ती वाटी उचलली, घासली आणि वर स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

टक् काही झालंच नाही.

पुढे दादा एकटा. किती एकटा? कुकरची शिट्टी झाली की “आलो आलो” म्हणायचा. मला म्हणायचा, “स्वप्नातसुद्धा बोलत नाही रे ती. येते, समोर बसते आणि ओठांवर बोट ठेवते.”

दोन वर्षांनी त्याची पोरगी म्हणाली, “बाबा, आता बास झालं. रविवारी गाडी घेऊन येते. ती खोली बंद करा आणि माझ्याकडे चला.”

दादा कबूल झाला. फक्त तो स्पीकर बरोबर न्यायचा होता. त्याने तो लावून बघितला, तर...

खर्र. खर्र.

कॉइल घासत होती. घासणारच. अख्खं घर ओल्या गोंदाजवळ रडलं होतं.

म्हणजे उघडायला हवा. आणि उघडायचा म्हणजे तिच्या हातची शेवटची रेघ कापायची.

थिनरमध्ये भिजवलेला कापूस हातात धरून तो बराच वेळ नुसता बसला. मग टोपीच्या कडेने कापूस लावला. थांबला. ब्लेड तिरकं धरलं. ओढायचं नसतं, गोंदानेच सोडायला हवं. वरून गोंद नखासारखा पिवळा, कडक झाला होता. अंगठ्याची जागा त्याने शेवटी ठेवली.

टोपी सुटली.

आत गोंद... ओला होता.

थिनरने पाघळलेला नव्हे. तेवढ्या आत थिनर पोचलंच नव्हतं. ताजा, चकचकीत, आत्ताच लावल्यासारखा. आणि डबीतला उरलेला गोंद तर कधीच दगड झाला होता.

“अगं...” दादाच्या तोंडून निघालं.

“शूऽऽ...”

पंखा बंद होता. दार लावलेलं होतं.

वर फोन वाजला. पोरीचा. दादा वर गेला, एक अक्षर न बोलता फोन कापला आणि खिशात टाकून खाली आला.

टोपी जागच्या जागी होती.

तिच्यावर... वाटी. पालथी.

रविवारी पोरगी आली. “बाबा, सामान कुठाय?”

दादाने ओठांवर बोट ठेवलं.

“अहो बाबा, गोंद आहे तो! किती दिवस वाळणार?”

पुन्हा बोट. पोरगी रडली, चिडली, शेवटी मला फोन केला. “काका, तुमचंच ऐकलं तर ऐकतील.”

मी गेलो. दादा स्पीकरसमोर बसलेला. शेजारची खुर्ची रिकामी, पण तिच्यावर त्याने मला बसू दिलं नाही. रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने लिहून दाखवलं: ‘तिचं वाक्य राहिलंय. ऐकल्याशिवाय येत नाही.’

म्हटलं, म्हातारा कामातून गेला. वाटी सरकवली, टोपी जराशी उचलली आणि आत बोट लावलं.

चिकटलं.

मी निमूट घरी आलो.

मग एका सकाळी माझा फोन वाजला. दादाचाच नंबर.

“दादा? बोल ना...”

काही नाही. नुसता श्वास.

मग...

टक्.

“...ते दूध गॅसवर ठेवलंय, तेवढं बंद करा. आणि मफलर घ्या हो, वारं सुटलंय. आणि पोरीला फोन केलात का? नाही ना? मला वाटलंच होतं. आणि...”

वहिनी.

थांबायचं नावच नाही. दोन वर्षांचं तुंबलेलं. आणि मध्ये मध्ये दादा, जसा जन्मभर म्हणत आला तसा...

“हं... हं...”

त्या दिवसापासून नंबर कायम व्यस्त लागतो. खोलीला आतून कडी आहे. पोरगी दाराला कान लावून येते. म्हणते, “काका, आत बाबांचं ‘हं’ तेवढं ऐकू येतं. दार तोडू का?”

मी काही बोलत नाही.

कारण माझं ते बोट... साबणाने धुतलं, थिनरने पुसलं, ब्लेडने खरवडलं.

अजून चिकटतंय.

म्हणून ही गोष्ट मी कोणाला तोंडाने सांगितलेली नाही. लिहून काढली.