डाव्या टाचेची झीज

"अहो, तुमची डावी टाच फार झिजलीय हो!"

भर दुपारी, भर रस्त्यात, एका अनोळखी मुलीनं पाठीमागून हे वाक्य फेकलं, तेव्हा गादीच्या दुकानातल्या त्या विक्रेत्याला बसायचा तो धक्का बसलाच. बायका त्याच्याशी बोलत नसत असं नाही. पण त्या बहुधा "कापसाची की फोमची?" एवढंच विचारत. टाचेपर्यंत आजवर कोणी गेलं नव्हतं.

तो थांबला. वळला. पावसाची सर नुकतीच ओसरली होती आणि फुटपाथच्या फरशीवर त्याच्या बुटांचे ओले ठसे उमटले होते. ती मुलगी त्या ठशांकडे अशी बघत होती, जणू चोर याच वाटेनं पळाला असावा.

"माझी... टाच?"

"बुटाची. बाहेरच्या कडेला. म्हणजे तुम्ही सगळा भार डावीकडे टाकून उभे राहता. म्हणजे कंबर दुखते. म्हणजे संध्याकाळी चिडचिड होते."

"आणि लग्न कधी होणार, तेही दिसतंय का?"

"ते टाचेवरून नाही कळत," ती म्हणाली, "त्याला समोरून बघावं लागतं..."

आणि आपण हे मोठ्यानं बोललो, हे कळून ती स्वतःच हबकली.

ती आपल्या आत्याच्या कारखान्यात कामाला होती. दुखऱ्या पायांसाठी तिथे सुकतळे बनत. सुकतळा म्हणजे बुटाच्या आत, पायाखाली बसतो तो तळ. लोक त्याला इनसोल म्हणतात आणि हरवेपर्यंत त्याची आठवण काढत नाहीत. तिनं स्वतःच्या डोक्यानं एक नवा सुकतळा घडवला होता. टाचेशी बाहेरून जरासा चढ, मध्ये हलकासा उंचवटा. तिचं म्हणणं, यानं पोटरीचे स्नायू उगाच राबायचे थांबतात आणि पाठ आपोआप सरळ होते. आत्याचं म्हणणं, दाखव. चाचणीत उतरला, म्हणजे एकूण एक माणसाला लागू पडला, तर चाचणीची खोली कायमची भाचीची. नाही उतरला, तर खोलीला कुलूप आणि भाचीनं बाहेर काउंटरवर बसून लोकांच्या पायांची मापं घ्यायची.

सगळी माणसं तपासून झाली होती. शेवटचा एक पोस्टमन तेवढा राहिला होता. तो ऐनवेळी आलाच नाही, असं तिनं आत्याला सांगितलं आणि त्याच्या जागी गादीवाल्याला उभं केलं.

चाचणीची रीत कडक होती. बुटात सुकतळा आत्या भरणार, तोही पडद्याआड. कधी नवा, कधी नुसता पुठ्ठा. कोणत्या फेरीत काय, ते फक्त आत्याला ठाऊक. भाचीनं माणसाच्या पोटऱ्यांना आणि पाठीला तारांच्या चिकटपट्ट्या लावायच्या आणि मशीनवर बघायचं. स्नायू राबला की रेघ उसळते, निवांत असला की सपाट.

"थंड आहे हो हे!" पहिली पट्टी लागताच गादीवाला दचकला.

"हलू नका. नेहमी उभे राहता तसे उभे राहा."

"नेहमी माझ्या पायाशी कोणी बसलेलं नसतं."

"मग दिवसभर करता काय?"

"उभा राहून लोकांना आडवं कसं व्हायचं ते शिकवतो."

ती हसली. हसताना तिच्या हातातली पट्टी तिच्याच बोटाला चिकटली. ती सोडवायला तो वाकला, तीही वाकली... आणि पडद्याआडून आत्याचा आवाज आला, "झालं का चिकटवून?"

असे काही सोमवार गेले. तो दुकान बंद करून येई, येताना कधी नमुन्याची बोटभर उशी आणी. "मान दुखेल तुमची, सारख्या खाली बघता." ती उशी टेबलावर ठेवी आणि दिवसभर तिच्याकडे बघे, म्हणजे मान दुखायची ती दुखेच. फेरीत तो असा ताठ उभा राही की मशीन सोडून ती त्याच्याकडेच बघत राही. आपला सुकतळा जिंकला, अशी तिची खात्री पटत चालली.

शेवटच्या सोमवारी आत्यानं पडदा बाजूला सारला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाली, "पुठ्ठा."

"काय पुठ्ठा?"

"पुठ्ठ्यावरसुद्धा हा असाच ताठ. तुझ्या सुकतळ्यावरही ताठ. आणि पोटरी दोन्हीकडे तारेसारखी ताणलेली. बाकी सगळ्यांना फरक पडला, हा मात्र ढिम्म. हा धरला तर तुझा सुकतळा नापास."

तिच्या पायाखालची फरशीच सरकली. कुलूप... काउंटर... आयुष्यभर परक्यांचे मोजे...

"आत्या, याला वगळू या ना."

"का? गैरसोयीचा निघाला म्हणून? इथे असं वगळत नाहीत. कारण दे. पटेल असं."

तिच्याकडे कारण नव्हतं. मग तारांनी जखडलेला गादीवाला घसा खाकरून म्हणाला, "कारण... माझ्याकडे आहे."

"बोला."

"मी दुकानात असा उभा राहत नाही. तिथे मी पोत्यासारखा उभा असतो. इथे... या समोर असल्या की... वाकायची हिंमतच होत नाही."

"या म्हणजे कोण? मी?" आत्यानं निर्विकारपणे विचारलं.

"नाही हो!" तो इतक्या घाईनं म्हणाला की आत्याच्या भुवया चष्म्याला जाऊन टेकल्या.

"तोंडानं काय, कोणीही काहीही म्हणेल," आत्या म्हणाली. "पोरी, बाहेर जा. दार लाव."

ती बाहेर गेली. कान दाराला लावला, हे सांगायला नकोच.

आतून बातम्या येऊ लागल्या. "खांदे पडले... पाठ गेली... अरे देवा, हा तर खरंच पोतं आहे!" खुडबुड झाली. पुठ्ठा निघाला, नवा सुकतळा बसला. "थांब, थांब... पोटरी निवतेय. पाठ वर येतेय, हळूहळू... लागू पडला गं!" आणि मग, "आता ये आत!"

तिनं दार उघडलं. मशीनवर सपाट पडलेली रेघ तिच्या देखत अशी उसळली की वरच्या काठाबाहेरच गेली. ती दारातच थिजली. मागे पाऊल टाकून तिनं दार ओढलं. उघडलं. पुन्हा तेच.

"दार खिळखिळं करू नकोस," आत्या म्हणाली. "वगळला. कारण पटलं."

तिला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात आत्यानं चष्मा पुसत सहज म्हणावं तसं म्हटलं, "आणि हो, तो पोस्टमन भेटला होता आज. म्हणाला, मी आलो होतो वेळेवर. भाचीबाईंनीच दारातून परत पाठवलं."

आता धक्का बसायची पाळी गादीवाल्याची होती. "म्हणजे त्या दिवशी... रस्त्यात..."

"पोस्टमनच्या दोन्ही टाचा अगदी सारख्या झिजतात," ती जमिनीकडे बघत पुटपुटली. "त्यात काय बघायचं?"

"आणि माझी?"

"तुमची मी... बसथांब्यापासून तुमच्या दुकानापर्यंत रोज बघत होते. माझा रस्ता तो नाहीये. त्या दिवशी फक्त — बोलायचं धाडस झालं."

रेघ पुन्हा काठाबाहेर उसळली आणि मशीन टिकटिक करायला लागलं. आत्यानं जाऊन बटण बंद केलं. "उगाच वीज जळतेय. आणि चाचणीला स्वतःच्या पसंतीचा माणूस धरून आणणाऱ्या पोरी, पोस्टमन पुढच्या सोमवारी येतोय. त्याला पट्ट्या मी लावणार. तो उतरला तरच खोली तुझी."

पुढच्या सोमवारी पोस्टमन आला, पुठ्ठ्यावर कुरकुरला आणि नव्या सुकतळ्यावर इतका निवांत उभा राहिला की आत्याला त्याला हाक मारून जागं करावं लागलं. आत्यानं खोलीची किल्ली भाचीच्या तळहातावर ठेवली आणि चहा टाकायला गेली.

ती धावतच खाली उतरली. गादीवाला फाटकाशी उभा होता, तिला पाठमोरा, सगळा भार डावीकडे टाकून, खुशाल पोत्यासारखा. तिची चाहूल लागताच ताठ झाला.

"नको," ती म्हणाली. "तसाच राहा. मला तसाच आवडतोस."

'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. तो हळूहळू सैल झाला, खांदे खाली आले, आणि ती जे बोलत होती ते नीट ऐकू यावं म्हणून तिच्या बाजूला जरासा कलला. दोघं चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आज त्याची टाच दिसतच नाहीये. शेजारून चालताना ती दिसत नाही.