चार ठोके

प्लंबरला आणि डॉक्टरला कोणी सहज म्हणून फोन करत नाही. त्यामुळे दुपारी जेवताना फोन वाजला, तेव्हा धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला. टेकडीच्या मागच्या उतारावरून एक बाई बोलत होती. घरामागे पाइप फुटला होता, पाणी भिंतीखाली शिरत होतं आणि आतल्या खोलीत सासरे अंथरुणाला खिळलेले.

"दुसरं कोणी नाही का मिळालं?"

"सगळे म्हणतात, तिकडची लाइन तुम्हालाच माहीत."

ते खरंच होतं. ती लाइन त्याने आणि त्याच्या भावानेच टाकलेली. थोरला जाऊन सहा वर्षं झाली, तरी लोक याला धाकटाच म्हणत. या सहा वर्षांत त्याने मागच्या उतारावर पाऊल ठेवलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणे, चढ झेपत नाही. पस्तिशीच्या माणसाचं हे कारण कोणाला पटणार? पण कोणी खोदून विचारत नसे.

पाऊस थांबून चार महिने झाले होते. पायऱ्या चढताना बूट धुळीने माखले. घरामागे, टेकडी अडवून धरणारी पुरुषभर उंचीची दगडी भिंत होती. तिच्या पायाशी जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप घराच्या व्हॉल्व्हच्या अलीकडेच फाटला होता, म्हणजे पाणी तोडायला घरात काही सोयच नाही. भिंतीच्या फटींतून गढूळ पाणी झिरपत होतं. एक दगड दोन बोटं बाहेर आला होता. समोरच्या खिडकीत म्हातारा उशीवरून त्याच दगडाकडे टक लावून पाहत होता.

"यांना हलवता येईल?"

"चार माणसं लागतात. फोन केलेत, पण यायला संध्याकाळ होईल."

पाणी वरूनच बंद करायला हवं होतं. आणि वरचा व्हॉल्व्ह तर सहा वर्षं दरडीखाली गाडलेला.

पूर्वी थोरला वर व्हॉल्व्हपाशी बसायचा आणि धाकटा खाली काम करायचा. वर फोन लागत नसे, म्हणून पाइपवरच पाना ठोकायचा. दोन ठोके म्हणजे बंद कर. तीन म्हणजे सोड. चार म्हणजे काम झालं, खाली ये. चार ऐकू आल्याशिवाय थोरला जागचा हलायचा नाही. नियम त्यानेच घातलेला.

त्या दिवशी भर पावसात काम संपलं आणि घरमालकीण म्हणाली, चहा घ्या. धाकट्याने घेतला. चार ठोके राहून गेले. कप रिकामा होण्याआधी दरड कोसळली. माती उपसली तेव्हा थोरला व्हॉल्व्हपाशी बसलेलाच सापडला. त्याला बाहेर काढलं आणि त्याच रात्री उरलेली दरडही तिथेच कोसळली. चहाचं मात्र धाकट्याने कोणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्याने फाटलेल्या जागी रबर गुंडाळलं. पाण्याने ते भिरकावून दिलं. दगड आणखी बोटभर सरकला.

"अहो, काहीतरी करा ना!" बाई ओरडली.

काय करावं ते सुचेना, पण हाताला सवय होती. त्याने पाना उचलला आणि पाइपवर दोन ठोके मारले.

पाणी ओसरू लागलं. एकदम नाही. पाइपला हिसका बसू नये म्हणून थोरला व्हॉल्व्ह हळूहळू फिरवायचा. तसंच झालं. आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले.

पाइपचं पाणी थांबलं आणि धाकट्याच्या तोंडचं पळालं.

"वर तुमचं कोणी बसलंय का?" बाईने विचारलं.

त्याने पिशवीतून करवत काढली. फाटका तुकडा कापला, नवा बसवला, जोड आवळले. एरवी अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला तास लागला, कारण तो सारखा थांबून वर टेकडीकडे पाहत होता. मग त्याने तीन ठोके मारले.

आधी हवा सुस्कारली. मग पाणी आलं.

जोड कोरडे होते. दगड होता तिथेच थांबला होता. पाइपमधून दुसरा कसलाही आवाज आला नाही. तरी वर कोणीतरी कान लावून बसलंय, असं त्याला सारखं वाटत होतं.

"चहा टाकलाय," बाई म्हणाली. "बसा दोन मिनिटं."

पिशवी भरलेली होती. निघून जाता आलं असतं. त्याला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

"चहा नंतर. एक काम राहिलंय."

एक. दोन. तीन.

त्याने डोळे मिटले.

चार.

मग तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. समोर कप होता, पण त्याने हात लावला नाही. वरून या घरापर्यंत उतरायला वीस मिनिटं लागत. भिंतीवर घड्याळ होतं.

अठरा मिनिटं झाली.

एकोणीस.

दारावर थाप पडली. बाई गेली आणि लगेच परत आली.

"तुमचे भाऊ का हो? चेहरा अगदी तोच. आत या म्हटलं, तर पाय चिखलाने भरलेत म्हणाले."

धाकट्याने समोरच्या भरल्या कपाकडे पाहिलं.

"तुम्हाला एवढंच विचारायला सांगितलंय," बाई म्हणाली, "चहा पिऊन झाला का?"