बॅटरीच्या पेटीत पाणी

कोंढा गावातल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलणी चालू असताना ट्रॅक्टर एकाएकी थांबला. समोर लाल दिवा लुकलुकू लागला, आणि सीटखालून चर्र… असा आवाज आला. बचत गटाचा हा बॅटरीचा ट्रॅक्टर रंजिताच चालवायची. उतरायला तिने दांडीकडे हात नेला—

"थांबा! लोखंडाले हात नोका लावू!"

रस्त्यावर मोटारसायकल टाकून एक तरुण बांधावरून धावत येत होता.

"मी धनराज. पवनीले बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करतो. कुठं न धरता सरळ उडी मारा."

"अन् करंट बसला तं?"

"मी आहो ना…"

तिने उडी मारली. चिखल थेट त्याच्या तोंडावर उडाला. तो हसला, तिला मात्र हसू येईना.

रबरी हातमोजे घालून त्याने मेन स्विच पाडला, झाकण उघडलं. पेटीचा कोपरा गंजाने पोखरला होता, तळाशी पाणी साचलेलं. वर ठेवलेल्या खताच्या पोत्यांनी रंग खाल्ला होता, पाणी निघायचं भोक चिखलाने बुजलं होतं. त्याने आत हात घातला, तेव्हा रंजिताने श्वासच रोखून धरला.

पेटी पवनीला त्याच्या दुकानात गेली. गंज घासायला रंजिताही जाऊ लागली. तारेच्या ब्रशने ती पत्रा घासायची, तो प्रायमर लावायचा. त्याच्या तोंडच्या 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पण तो तारांना हात लावायचा, आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

रंग वाळला. झाकणाला नवीन रबर बसलं. बांधावर पेटी जोडून तो म्हणाला, "चालू कर."

ती सीटवर नुसतीच बसून राहिली.

"काहून? भेव लागते?"

"ट्रॅक्टरचं नाही… तुमाले काही झालं तं… त्याचं लागते."

धनराज खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुले वर बसलेली पाहून मीही लय भेलो होतो."

"मंग पळून काहून नाही गेले?"

"तुह्याकडंच तं पळत आलो."

तिचे डोळे भरून आले. "घरी या. बाबाले विचारा."

"सुखरामकाकाले? त्यायचं तं करंटपेक्षा जास्त भेव लागते मले!"

"मलेही लागते… पण या."

तिने चावी फिरवली. ट्रॅक्टर जराही आवाज न करता पुढे सरकला, म्हणूनच मागून त्याने हळूच म्हटलेलं "येतो" तिला स्पष्ट ऐकू आलं.