बाटलीतली साखर

जीप उलटून माझ्या काकाच्या, प्रेमदासच्या, डोक्याला मार लागला होता. मेंदूची सूज उतरायला सलाईनसारखी एक बाटली लागायची. ती मी हिंगोलीत दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधून आणली होती. रात्रभर खिडकीत राहिली आणि सकाळी तिच्यात सुयांसारखे पांढरे खडे दिसले. मी तणतणत दुकानात गेलो. काउंटरवर तिथं कामाला असलेली अबोली होती.

"साखर धरलेली बाटली काहून देली?"

तिनं बाटली उजेडात धरली.

"खराब न्हाई झाली, दादा. औषध तेच हाय. थंडीनं रूप बदललं."

तिनं पाणी तापवलं, बाटली त्यात ठेवली, मधूनमधून हलवली. खडे विरले. अंगाइतकी कोमट झाल्यावरच नर्सबाईंना द्या, म्हणाली. आणि बाटली स्वतःच्या गालाला लावून पाहिली...

काका वाचला. मी मात्र डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला तिथंच जात राहिलो. मी सेनगावला जीप चालवायचो, गोळ्या तिकडंही मिळायच्या. रोजच डोकं दुखत असेल तर कुणाला तरी दाखवा दादा, असं ती एकदा म्हणाली.

"दादा नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

मी हातातले सुटे पैसे पुन्हा मोजायला लागलो. ती खाली बघून हसली.

पुढं मी धीर करून विचारलं, साखरपुड्याचं तुमच्या घरी बोलू का?

"साखर तर तुमी पहिल्याच दिवशी आणली," ती म्हणाली. "बाटलीत."

लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तिच्याच डोक्यात गाठ निघाली. तिलाही तीच बाटली लागली. वॉर्डातल्या गारठ्यानं त्या बाटलीतही खडे धरले. नर्सबाईंना विचारून मी गरम पाणी आणलं. ती पडल्यापडल्या बघत होती. बोलणं जड झालं होतं.

"साखर... विरली का?"

"विरून राहिली."

"घाई नका करू."

सगळे खडे गेले. थोडं थांबून मी बाटली तिच्या गालाला लावली.

"बराबर," ती म्हणाली.

तेच तिचं शेवटचं बोलणं. बाटली अर्धी उतरली आणि ती गेली.

नर्सबाईंनी सुई काढली. अबोलीचा हात गार पडत चालला होता. मी तो दोन्ही हातांत धरून चोळत बसलो. आता सोडा, असं त्या हळूच म्हणाल्या.

"थांबा," मी म्हणालो. "थोडी ऊब लागू द्या."