उकंडा

एकाच मायच्या पोटचे दोघं, मग थोरल्याचं नाव उकंडा अन् धाकट्याचं हर्षल, असं का? हर्षलनं हे मायला, वच्छलाबाईला कितीदा विचारलं. ती चुलीत फुंकर घालायची.

थोरल्याची गोष्ट मात्र गावाला पाठ होती. त्याच्याआधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला जन्मताच सुपात घालून उकंड्यावर, गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगावर ठेवलं. कचरा कोण नेईल? नाव तेच पडलं. शाळेत पोरं त्याला पाहून नाक दाबायची. लग्न जमलं तेव्हा तो हसत म्हणाला, "बारा वर्षानं उकंड्याचेही दिवस पालटतात बे," अन् पत्रिकेत, आधारकार्डावर नाव लावलं राजकुमार.

"नको बदलू रे," माय म्हणाली. "त्याच नावाच्या आड जगला तू."

यंदा पोळ्याच्या सांजेला गोठ्यामागून हाक आली. "राजकुमार..." पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तरी त्यानं दिली. हर्षलला तो ढिगावर पालथा सापडला. तोंड शेणानं गच्च भरलेलं. अटॅक, म्हणे.

त्याचं पोर बाप गेल्यावर जन्मलं. उद्या बारसं, म्हणून हर्षल दुसरबीडहून पाळणा घेऊन आला. दिवस बुडत होता. ओसरीवर सारिकावहिनी लेकराला थोपटत होती.

"भाऊजी, नाव ठरोलं म्या. युवराज."

"उकंडा ठेव ना, वहिनी."

"अन् लोक हसतीन त्याचं?"

गोठ्यातल्या बैलानं रवंथ थांबवलं. ओल्या, कुजल्या शेणाचा भपका ओसरीवर आला. मागून आवाज आला, थेट दादाचा, पण ओठ चिखलात रुतले असल्यासारखा.

"युवराज..."

लेकरानं हुंकार भरायला तोंड उघडलं. हर्षलनं त्याच्या तोंडावर हात दाबला, त्याला वहिनीच्या मांडीवरून ओढलं, भिंतीवरचं सूप घेतलं अन् गोठ्यामागं पळाला. लेकराला सुपात घालून सूप ढिगावर ठेवलं. ढीग मधोमध हळूहळू वरखाली होत होता, झोपलेल्याच्या पोटासारखा.

"हे कोण...?"

"उकंडा," हर्षल म्हणाला. "कचरा आहे. काही नाही."

ढिगाचं वरखाली होणं थांबलं.

"मंग चांगल्या नावाचं कोण आहे घरात...?"

हर्षलनं मागं पाहिलं. माय आली होती. त्याच्याकडं न बघता तिनं सूप उचललं, पदराखाली धरलं अन् चालू लागली. वहिनी दारात रडत उभी होती. मायनं तिला आत लोटलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"हर्षल..." दादाच्या आवाजात, लाडानं.

घरात लेकरू रडायला लागलं होतं. चांगलं खणखणीत रडत होतं.

"ओ," हर्षल म्हणाला.