श्वास घ्यायची बाजू

"मान जरा मागे टाका," तो म्हणाला, आणि ती खुर्चीत ताठच्या ताठ बसून राहिली.

केस धुवायच्या बेसिनचा काठ तिच्या मानेपासून जेमतेम वीतभर मागे होता. पण ती वीत ओलांडायची तिची छाती होत नव्हती. खरं म्हणजे सलूनमध्ये यायचं काही ठरवून ती घरून निघालीच नव्हती. डॉक्टरांनी नेमून दिलेली वीस मिनिटांची सपाट रस्त्यावरची फेरी मारत होती बापडी. वाटेत सलूनच्या काचेत तिला स्वतःची वेणी दिसली. गेले सात आठवडे आई रोज घालून देत होती ती वेणी, शाळेत असताना घालायची तश्शी घट्ट. तिचं डोकं फिरलं आणि ती तडक आत शिरली.

"मान अवघडलीये," ती म्हणाली. "मागे नाही टाकता येणार."

"एवढंच ना?" सलूनवाल्याचा चेहरा खुलला. तिशीतला, बाह्या दुमडलेला, गप्पिष्ट माणूस होता. अवघडलेल्या माना मोकळ्या करण्यात त्याचा हातखंडा होता. केस कापून झाले की गिऱ्हाइकं आपणहून मान त्याच्या हवाली करायची. "दोन मिनिटांत मोकळी करतो. कट् असा आवाज येईल, घाबरायचं नाही." आणि त्याची बोटं तिच्या हनुवटीला लागलीसुद्धा.

तिने त्याचं मनगट धरलं. पोहण्याच्या तलावात दहा वर्षं मुलांना शिकवून, गटांगळ्या खाणाऱ्यांना वर ओढून तयार झालेला हात होता तो. पकड चांगलीच बसली.

"नको. खोटं बोलले मी. मान अवघडलेली नाही. मेंदूकडे रक्त नेणारी नळी असते ना मानेत... तिला आतून चीर गेलीये. तुम्ही आत्ता झटका दिला असता तर—"

सलूनवाला पांढराफटक पडला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला.

"पाणी आणू का?" शेवटी तिनेच विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. सात आठवड्यांपूर्वी सकाळी तलावाच्या काठावर ती शिट्टी वाजवायला गेली आणि शिट्टी उजव्या हातातून गळून पडली. वाकून उचलायला गेली तर बोटं ऐकेनात. दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला, पण डावी पापणी उतरली ती उतरलीच. दवाखान्यात कळलं, मानेतल्या नळीच्या आतल्या थराला चीर पडली आहे. कशाने? डॉक्टरांनी खांदे उडवले. पोहताना मान हिसकली असेल, जोराची शिंक आली असेल, कधीकधी कारण सापडतच नाही. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घ्यायच्या, जड उचलायचं नाही, मानेला हिसका द्यायचा नाही. सहा महिने झाले की स्कॅन, आणि पाण्याचा विषय त्यानंतर.

"आणि माझ्याकडून तर..." तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? मीच थाप मारली. 'नळीला चीर गेलीये' म्हटलं की लोक कसे बघतात, ते बघायचं नव्हतं मला."

"मी कसा बघतोय?"

"तसेच."

तो उठला. त्याने एक तांब्या आणला, तिच्या खांद्यांभोवती चार टॉवेल गुंडाळले आणि तिला सरळ बसवून, कपाळावर आडवा हात धरून, कोमट पाणी बेताबेताने सोडत केस धुतले. निम्मं पाणी जमिनीवर गेलं आणि उरलेल्यातलं निम्मं त्याच्या बुटांत. तिने डोळे मिटून घेतले होते. सात आठवड्यांत आई सोडून कुणी तिला हात लावला होता तो फक्त नाडी बघायला.

"एक विचारू?" केस कापता कापता त्याने आरशात बघितलं. "तुम्ही आत आलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही डोळा मारताय."

"ती पापणी आहे. अर्धवट उघडते."

"हो, आता कळलं." कात्री थोडा वेळ चालली. "तेवढाच माझा दिवस बरा जाणार होता."

ती हसली. मान न हलवता हसायची तिला एव्हाना सवय झाली होती.

चार दिवसांनी ती पुन्हा सलूनच्या दारात उभी राहिली. केस वाढलेले नव्हते. दुपारचे चार वाजले होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या.

"डॉक्टरांनी सांगितलंय, चालताना बोलता आलं पाहिजे इतकाच वेग ठेवायचा. धाप लागून बोलणं तुटलं की समजायचं, जास्त होतंय." तिने दाराच्या चौकटीकडे बघत सांगितलं. "आता एकटी बोलत चालले तर लोक वेगळ्याच दवाखान्यात नेतील."

त्याने एप्रन काढून खुंटीला लावला. "मी बोलायचे पैसे घेत नाही."

अशी रोजची चारची फेरी सुरू झाली. वीस मिनिटांची तीस झाली, तिसाची पंचेचाळीस. तो तिला एका जागी बसून फिरवायची सायकल बघायला घेऊन गेला आणि दुकानदाराशी इतकं बोलला की दुकानदारालाच धाप लागली. बाजूने कुणी हाक मारली तर ती अख्खी वळायची, पायांसकट. ते बघून तोही तसाच वळू लागला. एकदा त्याला भेटलेल्या जुन्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली, "हल्ली तू मान मोकळी करून देत नाहीस म्हणे?"

"नाही देत," तो म्हणाला. "बंद केलं."

त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. पण घरी जाऊन तिने आईला विचारलं, "आई, माझा चेहरा लाल झालाय का गं?" आईने लगेच ताप बघितला.

सहाव्या महिन्यात स्कॅन झाला. चीर भरून आली होती. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फोटो बघितला आणि म्हणाल्या, "हळूहळू पाण्यात उतरा. सूर मारायचा नाही, कोलांट्या नाहीत, शर्यत नाही. चार फेऱ्यांनी सुरुवात. मान सहज वळेल तेवढीच वळवायची. दुखलं, चक्कर आली, तर तिथल्या तिथे बाहेर."

ती जवळजवळ पळतच सलूनमध्ये आली. त्याने ऐकलं, हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "एवढी घाई कशाला? चालणं चांगलं चाललंय की. समजा, पाण्यात काही झालं तर..."

"डॉक्टर हो म्हणाल्या."

"डॉक्टरांना काय, त्यांच्याकडे रोज शंभर येतात. माझ्याकडे—" तो अडखळला. "थांबा ना थोडं. वर्षभर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "घरी एक आई आहे मला. दुसरी नकोय," ती म्हणाली, आणि चारची फेरी त्या दिवशी एकटीने मारली. पुढचे अकरा दिवससुद्धा.

त्या अकरा दिवसांत ती रोज सकाळी तलावावर गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. तोंड पाण्यात घातलं, बुडबुडे सोडले, सगळं जमलं. पण सहा वर्षांची असल्यापासून ती डावीकडे मान वळवून श्वास घेत आली होती, आणि चीर गेली होती तीही डावीकडेच. वळायची वेळ आली की मान जागच्या जागी थिजायची. उजवीकडून प्रयत्न केला तर नुसतं पाणी पोटात गेलं. बाराव्या दिवशी, काठावर टॉवेल पांघरून बसलेली असताना, तिच्या लक्षात आलं की तो काही वेगळं बोललाच नव्हता. तिच्या मनातलं त्याने बोलून दाखवलं होतं, एवढंच. आणि त्याच्याशिवाय चारची फेरी फार लांबची होत होती.

तिने निरोप पाठवला : 'उद्या सकाळी सातला पाण्यात उतरणार आहे. अडवायचं नसेल तर या.'

तो पावणेसातलाच हजर होता.

"अडवायला नाही आलो," त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. "घाबरायला आलोय. इथे काठावर उभं राहून घाबरलं तर चालेल ना?"

"चालेल." तिने टोपीत केस कोंबले. "मीपण घाबरलेय. त्या दिवशी तेच तर झोंबलं मला."

"मला पोहता येत नाही, कोचबाई. तुम्हाला काही झालं तर मी नुसता ओरडू शकतो."

"ओरडा मग. पण थांबवू नका."

ती पाण्यात शिरली आणि भिंतीला पाय लावून सुटली. एक हात, दोन हात, तीन... छातीतली हवा संपत आली. आता वळायलाच हवं होतं. मान अडली, क्षणभर अडली... आणि वळली. हवा आली. निळ्या फरश्या दिसल्या. फरश्यांवरून, तिच्या बरोबरीने चालणारा, तिच्याहून जास्त घाबरलेला एक चेहरा दिसला.

काही झालं नाही. दुखलं नाही, चक्कर आली नाही. दुसऱ्या श्वासाला तिने पाहिलं, त्याचे ओठ हलत होते. तिसऱ्या श्वासाला दोन शब्द कानावर पडले, चौथ्याला एक. पलीकडची भिंत तिच्या हाताला लागली तेव्हा तिला रडू येत होतं, आणि ते ओल्या तोंडावर कळत नव्हतं हे बरंच झालं.

"काय पुटपुटत होता?"

"काही नाही. तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणूनच बोलत होतो."

"पुन्हा बोला."

"असं समोरासमोर... नाही जमायचं."

एवढा बोलका माणूस, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. "ठीक आहे. मी परत निघते. येता येता ऐकते. पण मी डावीकडे श्वास घेते, त्यामुळे तुम्हाला त्या बाजूने यावं लागेल."

"कुठल्या?"

"त्या. पलीकडच्या."

तो तलावाला वळसा घालून धावला. ओल्या फरशीवर दोनदा घसरता घसरता वाचला. ती निघाली.

"तुम्ही..." पहिला श्वास.

पाणी.

"...माझ्याशी..."

पाणी. एरवी ती चार हातांमागे एक श्वास घ्यायची. आता तिला दर दुसऱ्या हाताला हवा लागू लागली. मान सुरळीत वळत होती, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

"...म्हणजे, तू... माझ्याशी लग्न..."

पाणी. ती वळली, तो गप्प. पुन्हा वळली, तरी गप्प, नुसता चालत होता, तोंड उघडं टाकून. भिंत पाच मीटरवर आली. ती आणखी एकदा वळली.

"...करशील का?"

पुढच्या हाताला श्वास घ्यायचा सोडून ती "हो" म्हणाली. पाण्यात तोंड उघडायचं नाही हे दहा वर्षं मुलांना ओरडून शिकवणाऱ्या कोचबाईच्या नाकातोंडात पाणी गेलं. खोकत, हसत तिने काठाचा दांडा पकडला. तो ओल्या फरशीवर गुडघे टेकून खाली वाकला होता.

"दुखतंय? चक्कर येतेय? काही होतंय का?"

"नाही. ऐकू आलं का तुला?"

"आलं." त्याने तिच्याकडे बघितलं. ती सावकाश मान वळवून, खांदे न वळवता, त्याच्याकडे बघत होती. "पण पुन्हा एकदा ऐकायचंय."

"डॉक्टरांनी चार फेऱ्या सांगितल्यात," ती म्हणाली. "अजून दोन शिल्लक आहेत."

त्याने बूट काढून हातात घेतले आणि तो पलीकडच्या काठाला निघाला.