मागल्या दाराची वसाहत

दुसऱ्या ओळीतलं पिवळं घर, निळं दार — ओळखीच्या रितेशचा एवढाच पत्ता घेऊन शेखर मुरबाडच्या घरकुल वसाहतीत शिरला आणि फसला. तिथली सगळीच घरं पिवळी आणि सगळीच दारं निळी! एका उघड्या दारात त्याने चपला काढल्या, चटईवर ऐसपैस बसला आणि आत हाक दिली, "वहिनी, चहात साखर कमी हं!"

आतून कुणाली आली. हाताला पीठ, कपाळावर केसांची बट आणि डोळ्यांत नुसता जाळ.

"कोणाची वहिनी?"

"रितेशची... म्हणजे, हे रितेशचंच घर ना?"

"रितेश पलीकडं रहतो. इथं मी नि माजी आय. माजं लगीनच नाय झालं, तं तुमची वहिनी कशी होऊ?"

शेखर कानापर्यंत लाल झाला. उलट्यासुलट्या चपला घालून तो जो पळाला... कुणाली दारात ओढणी तोंडाशी धरून हसत राहिली. आजही ती दुपार आठवली की तिला हसू आवरत नाही, आणि मग उगाचच डोळेही भरून येतात.

शेखर शहापूरच्या एका संस्थेचा माणूस. वसाहत सुधारायची, तीही तिथल्याच लोकांच्या हातांनी, हे त्याचं काम. त्याने बैठक घेतली. कागदावरची बाग दाखवली, बाकडी दाखवली, कमान दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि रविवारी श्रमदानाला चिटपाखरू फिरकलं नाही.

"सगळे हो म्हणाले होते हो!" नळावर भेटलेल्या कुणालीला तो काकुळतीने म्हणाला.

"पावण्याला तोंडावर नाय कोण म्हणल? बायकांना इचारलंत?"

"बायका होत्या की बैठकीत."

"होत्या. सासरे नि दीर समोर बसलेले. तिथं त्या काय बोलनार, कप्पाळ! चला माज्यासंगं."

वाटेत तिने हौशी आजीचा हात धरला आणि दोघांना घरांच्या पाठीमागे नेलं. दोन ओळींच्या मधला तो बोळ. कचरा, सांडपाणी, कमरेएवढं रान, आणि दोन्ही बाजूंना आंधळ्या भिंती.

"आजी, सांग यांना, तुला काय पायजे?"

आजीने समोरच्या भिंतीवर हात टेकला. "दार," ती म्हणाली. "मागलं दार."

गावाच्या कडेच्या पाड्यांवरून ही माणसं इथं आलेली. तिथं कुडाच्या घरालाही मागलं दार असायचं. भांडी तिथं घासायची, वेण्या तिथं घालायच्या, मीठ तिथं मागायचं, आणि रडू आलं तर रडायचंही तिथंच. इथं घर पक्कं मिळालं, छप्पर गळत नाही. पण दार एकच, तेही पुरुषांच्या बैठकीवर उघडणारं.

"या भितीपल्याड माधुरी रहते. पाड्यावर आमी शेजारनी," आजी म्हणाली. "आता तिचा खोकला आयकू येतो मना, तोंड नाय दिसत."

शेखरने बागेचा कागद घडी करून खिशात टाकला. तो संस्थेच्या साहेबांशी भांडला, इंजिनियरला आणून भिंती दाखवल्या, बाकडी आणि कमान रद्द करून दारं मंजूर करून घेतली. पुढच्या रविवारी बोलवायची वेळच आली नाही. बायका पहारी, घमेली, कोयते घेऊन हजर! जगन गवंड्याने पहिली भिंत फोडली, भगदाडातून माधुरीचं तोंड दिसलं, आणि हौशी आजी धुळीतच खाली बसून लहान मुलीसारखी हसली. शेखरने कुणालीकडे पाहिलं. तिच्या गालाला सिमेंट लागलं होतं.

"गाल..." तो म्हणाला.

"मग? पुसायचं धाडस नाय वाटतं?"

नाही, तेव्हा नव्हतं. पण पाण्याचा तांब्या घेताना बोटाला बोट लागू लागलं, आणि दोघंही ते मुद्दाम लावू लागली.

घोडं अडलं ते पुढे. काम संपलं की संस्था त्याला जव्हारला धाडणार होती. हे कळलं त्या दिवसापासून कुणालीला बोळात चुकाच चुका दिसायला लागल्या. फरशीचा उतार बरोबर नाही, उखडा! तुळशीची जागा चुकली, हलवा! जी सगळ्यांना घाई करायची, तीच आता खोळंबा घालत होती. आणि शेखर? तो लगेच फरशी उखडायला लावायचा. जगननेच एकदा बोलून टाकलं, "चौकटी कवाच्या तयार हायेत सुताराकडं. शेखर साहेबच बोलतात, राहू दे." त्या संध्याकाळी कुणालीच्या भाकऱ्या करपल्या, पण ती गात होती.

बायकांना मात्र दिवाळीच्या आत दारं हवी होती. शेखर शहापूरला गेलेला बघून त्यांनी जगनला टेम्पो घेऊन पिटाळलं, चौकटी आणवल्या आणि दोन दिवसांत सगळं उरकलं. परतलेला शेखर बोळात येऊन थिजलाच. फक्त कुणालीच्या घराची भिंत तेवढी तशीच उभी होती.

"झालं की सगळं," तो हळूच म्हणाला.

"झालं. आता जवारला जावा."

"उतार... पुन्हा बघायचा का एकदा?"

"उतार पयल्यापासनं बरोबर हाय. मी खोटं बोलले."

"ठाऊक होतं. म्हणून तर मी चौकटी आणल्या नाहीत."

कुणालीने ओठ चावला. मग मान वर करून सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "शेखर, मला तू पायजेस. जाऊ नको... नायतर मला घेऊन जा."

"घेऊन जायलाच आलोय गं..."

तेवढ्यात कुणालीची आई, संगीता, सगळ्या ओळीला वळसा घालून बोळात आली. जगनने पहार उचलली, तशी ती कडाडली, "थांब रे! आमची भीत नाय फोडायची." मग शेखरकडे वळली. "मागलं दार झालं का तू तिकडनंच येत रहशील नि मी बघत रहीन. आदी पुढल्या दारानं ये. तुज्या आयला घेऊन ये. मग फोडू भीत."

बोळातली सगळी नवी दारं किलकिली झाली होती. कुणालीला कुठे बघावं ते कळेना.

शेखर आईला घेऊन पुढल्या दाराने आला, लग्न झालं आणि कुणाली जव्हारला गेली; तिच्या घराची भिंत फुटली ती त्यानंतरच. जिथं तिने सगळ्यांसाठी दारं करून घेतली, तिथं तिला स्वतःला एक दिवसही मागल्या दाराशी बसायला मिळालं नव्हतं. पहिल्या सणाला ती दोघं एसटीने आली. संगीता ओवाळायचं ताट घेऊन जावयासाठी पुढल्या दारात उभी असेल, असं कुणालीने धरलं होतं. तिने पिशवी शेखरच्या हातात दिली, "तू हो पुढं," म्हणाली आणि स्वतः बोळात शिरली.

नव्या दाराच्या पायरीवर संगीता एकटीच भांडी घासत बसली होती. ओवाळायचं ताट आत लावून तयार होतं, पण ती इथं होती.

"जावई पुढं उभा हाय गो आय," कुणाली म्हणाली.

"रहू दे जरा उभा," संगीता डोळे पुसत म्हणाली. "माजी पोर हिकडनं येनार, मना ठावं होतं."

कुणालीने पदर खोचला, तिच्या शेजारी टेकली आणि एक पातेलं पुढे ओढलं.